योग्य क्षणाची ठिणगी

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एक बाजाराचे, दुसरे रेल्वेचे. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला आणि त्याच्या वाटेवरचे आमचे चांदूर 'चांदूर रेल्वे' या नावाने ओळखले जाऊ लागले. यंत्राने एखाद्या गावाला आडनाव द्यावे, ही गोष्ट मला नेहमीच विचार करण्यासारखी वाटत आली आहे. राजेरजवाडे, लढाया आणि तह यांचा इतिहास मी मुलांना शिकवतो. परंतु ज्या गावाचे नावच यंत्रावरून पडले, त्या गावातील मुलांना यंत्राचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्या मोठ्या इतिहासातील एक अगदी लहानसे प्रकरण सांगण्याचा विचार आहे. ते प्रकरण ठिणगीचे आहे.

वाफेच्या इंजिनाची गोष्ट एका अर्थाने सोपी होती. पहाटे भट्टी पेटवली की दिवसभर तीच आग. फायरमनने कोळसा टाकीत राहावे म्हणजे झाले. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचे तसे नाही. तिच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण येते, दट्ट्या ते दाबतो, ते पेटते, दट्ट्या खाली लोटला जातो आणि आग विझते. पुढच्या वेळी ती पुन्हा नव्याने लावावी लागते. चार नळकांड्यांची साधी गाडी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने चालत असेल, तर सेकंदाला शंभर वेळा आग लावावी लागते. आपण 'एक' म्हणेपर्यंत शंभर काड्या ओढायच्या, आणि प्रत्येक काडी नेमक्या वेळी पेटली पाहिजे.

खरी अडचण त्या 'नेमक्या वेळी' या दोन शब्दांत आहे. मिश्रण पेटल्यावर ते पुरते जळायला सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. म्हणून दट्ट्या माथ्याशी पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच उलटा तडाखा बसतो. फार उशिरा पडली तर निम्मा जोर धुराच्या नळीतून वाया जातो. शिवाय गाडीचा वेग वाढला की हा क्षण आणखी अलीकडे आणावा लागतो. ठिणगी पाडणे माणसाला फार पूर्वी साधले होते. तिला वेळ पाळायला शिकवणे हे पुढच्या दीडशे वर्षांचे काम ठरले.

इटालीत अलेस्सांद्रो व्होल्टा याने 1777 च्या सुमारास दलदलीतून निघणारा वायू एका भांड्यात भरून, विजेच्या ठिणगीने तो पेटवून दाखविला. भांड्याचे बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडे. म्हणून त्या खेळण्याला 'विजेचे पिस्तूल' असे नाव पडले. आज आपण ज्याला स्पार्क प्लग म्हणतो त्याचा हा खापरपणजोबा. पुढे 1860 साली पॅरिसमध्ये एत्येन लेन्वार याने गॅसवर चालणारे इंजिन केले आणि त्यात विजेची ठिणगी वापरली. परंतु ते इंजिन एका जागी बसून चालणारे होते, आणि त्याच्या फेऱ्याही संथ होत्या.

रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा प्रश्न आला तेव्हा जर्मनीतल्या दोन थोर यंत्रज्ञांनी दोन वाटा धरल्या. गोटलीप डाइमलर याने नळकांड्यात एक नळी बसवून तिचे बाहेरचे टोक दिव्याच्या ज्योतीने लालभडक तापवले; मिश्रण दाबले जाऊन त्या तप्त नळीत शिरले की आपोआप पेटे. युक्ती सोपी होती. पण उघडी ज्योत आणि पेट्रोल यांचा शेजार कसा असतो ते सांगायला नको. पेटण्याचा क्षण हवा तसा मागेपुढे करण्याचीही त्यात सोय नव्हती. कार्ल बेंझ याने मात्र 1886 साली पेटंट घेतलेल्या आपल्या तीनचाकी गाडीत बॅटरी आणि तारेचे वेटोळे वापरले. साऱ्या यंत्रात सर्वांत कठीण प्रश्न हाच, अशी त्याची धारणा होती.

त्याची पत्नी बेर्टा हिची हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. 1888 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता ही बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्ट्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, आपल्या माहेरच्या गावी गाडी घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली, आणि ठिणगीची तार उघडी पडली तेव्हा पायमोज्याचा पट्टा काढून तिच्याभोवती गुंडाळला, असे सांगतात. मोटारीच्या इतिहासातील पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीने केला, आणि ठिणगीच्या तारेची रस्त्यावरची पहिली दुरुस्तीही बहुधा तिनेच केली. आपल्याकडे गाडी बंद पडली की टोपणाखाली डोके घालणाऱ्या पुरुषमंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

बॅटरीचा दोष असा की ती संपते, आणि त्या काळी ती वाटेत कोठे भरून मिळत नसे. हा दोष दूर केला श्टुटगार्टच्या रोबेर्ट बॉश याने. 1886 साली त्याने एक लहानसे दुकान थाटले. दुसऱ्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून त्याने एका जागी चालणाऱ्या इंजिनासाठी 'मॅग्नेटो' तयार केला. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या सान्निध्यात फिरणारे तारेचे वेटोळे. इंजिन फिरले की तेही फिरते आणि आपली वीज आपणच निर्माण करते. 1897 साली हे यंत्र एका तीनचाकी मोटारीवर बसले. 1902 साली बॉशचा सहकारी गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून प्लग अशी जोडी सिद्ध केली. आपल्याकडे बंगलोरला 1951 साली स्थापन झालेली 'मायको' ही त्याच घराण्यातली. वऱ्हाडातील आडबाजूच्या सायकलच्या दुकानातसुद्धा मायकोचा प्लग मिळे, हे माझ्या पिढीच्या लोकांना आठवत असेल.

मॅग्नेटोचा मान शर्यतीच्या गाड्यांत मोठा होता. मुंबईच्या रस्त्यांवर 1929 च्या सुमारास एक निळी बुगाटी धावत असे. तिचे मालक म्हणजे तरुण जे. आर. डी. टाटा. फ्रान्सच्या या शर्यतप्रसिद्ध गाड्यांत प्रामुख्याने मॅग्नेटोचीच ठिणगी असे. गाडी बेफाम हाकल्याच्या आरोपावरून टाटांना जॅक विकाजी या नामांकित वकिलाकडे जावे लागले. आणि या वकिलांची पुतणी थेल्मा हिच्याशीच 1930 च्या डिसेंबरमध्ये त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, त्यांनी कराचीहून मुंबईपर्यंत टपालाचे विमान आणले. त्या लहानशा पस मॉथ विमानाच्या इंजिनाला एक सोडून दोन मॅग्नेटो होते आणि प्रत्येक नळकांड्याला दोन प्लग. एक निकामी झाला तर दुसऱ्याने घरी पोचवावे, हा त्यातला हेतू. दट्ट्याच्या इंजिनाची लहान विमाने पुढेही बहुतांशी मॅग्नेटोवरच चालत राहिली. आकाशात बॅटरी दगा देते; फिरते लोहचुंबक देत नाही.

जमिनीवर मात्र निराळी वाट निघाली. अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग याने 1909 साली 'डेल्को' ही कंपनी काढून कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी तयार केली. तोवर इंजिन हँडल मारून चालू करावे लागे, आणि ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरून चालवणाऱ्याचा हात मोडे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ठिणगीचा क्षण मागेपुढे करण्याची दांडी सुकाणूच्या चाकाखालीच होती. चालू करताना ती विसरली तर मनगटाला भोगावे लागे. केटरिंगने 1912 च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आणला. गाडीत बॅटरी आलीच होती. तीच ठिणगीच्याही उपयोगी पडली.

ही केटरिंगची रचना साठ वर्षे जगभर चालली. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे 'पद्मिनी' या नावाने जी गाडी बाहेर पडली, तिच्यातही हीच होती. बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून वाहतो आणि तिच्या गाभ्यात चुंबकत्व साठते. इंजिनाबरोबर फिरणारी एक टोकेरी दांडी 'पॉइंट' नावाची चिमुकली जोडी उघडते. प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते, आणि त्याच क्षणी बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी उडते. पॉइंट उघडण्याचा क्षण तोच ठिणगीचा क्षण. घड्याळाचा लंबक जसा, तसा हा पॉइंट.

या पॉइंटवर आपल्या देशातील मिस्त्र्यांची एक संपूर्ण पिढी पोसली गेली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालल्या; इंधन बदलले तरी ठिणगी पॉइंटचीच राहिली. शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला मात्र तिची गरज नसे, कारण डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटते. म्हणून आमच्या भागात इंजिन जाणणारे पुष्कळ, पण 'करंट' जाणणारे थोडे. आणि या थोड्यांना वेगळा मान असे. गाडी बंद पडली की मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरचे टोपण उघडी, पॉइंटची काळवंडलेली तोंडे पालिशपेपरने घाशी, त्यांतील अंतर बसवी, आणि गाडी खाकरून चालू होई. अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे कमी असावे लागते. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री फिलर गेज हाताशी नसले की दाढीची चार पाती एकावर एक ठेवून ते मोजी. पाते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतके जाड. हिशेब अगदी चोख.

पण पॉइंटला वार्धक्य होते. प्रत्येक उघडझापीत त्याची तोंडे थोडी जळत, टोकेरी दांडीवर घासणारा तुकडा झिजे, आणि काही हजार मैलांत ठिणगीची वेळ चुकू लागे. साध्या गाडीला हे चालून जाई. शर्यतीच्या जातीच्या गाड्यांना ते परवडेना. जग्वार कंपनीने 1971 साली आपल्या ई-टाइप गाडीत बारा नळकांड्यांचे इंजिन बसवले. ते मिनिटाला सहा हजार फेऱ्या करू लागले की सेकंदाला सहाशे ठिणग्या लागत. इतक्या वेगाने पॉइंटची पोलादी पट्टी मिटू शकत नाही. ती नुसती थरथरत राहते.

तेव्हा पॉइंटच काढून टाकण्यात आला. त्याला कारण झाला 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेला ट्रान्झिस्टर. प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करू लागला. पण तो कधी तोडायचा, हे त्याला सांगणारा कुणीतरी हवा होता. जग्वारमध्ये लुकास कंपनीच्या 'ओपस' नावाच्या रचनेत एका फिरत्या चकतीत फेराइटच्या बारा कांड्या बसवल्या होत्या आणि तिच्यासमोर, अर्ध्या मिलिमीटरच्या पोकळीपलीकडे, तारेची वेटोळी. कांडी समोरून गेली की वेटोळ्याला तिची चाहूल लागे. कोठे स्पर्श नाही, घर्षण नाही, ठिणगीने जळणे नाही. डोळ्यांना काहीच घडताना दिसत नाही आणि तरी वेळ पाळली जाते. या चाहूल घेणाऱ्या भागाला आज सगळे 'सेन्सर' म्हणतात.

नवा नोकर म्हातारा होत नसे. तो एकाएकी मरे. ओपसचा विस्तारक तापलेल्या इंजिनाच्या दोन ओळींच्या बेचक्यात बसवला होता. आतल्या सामानाला ती धग सोसत नसे. पुष्कळ मालकांनी तो उचलून थंड जागी नेला, किंवा सारी रचनाच काढून दुसरी बसवली. पॉइंट महिनाभर आधी कुरकुर करून सूचना देई. सेन्सर सूचना देत नसे.

1982 ते 1991 या काळात निघालेली पोर्शे 944 ही अशीच एक गाडी आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांत मानली जाते. तिच्यात इंजिनाच्या मागच्या अंगाला, गतिचक्राजवळ, दोन सेन्सर शेजारीशेजारी बसवलेले असतात. एक गतिचक्राचे दाते मोजून वेग सांगतो, दुसरा चक्रावरच्या एकाच खुणेवरून इंजिन फेरीत कोठे आहे ते सांगतो. एकाने मोजायचे, दुसऱ्याने 'आता एकपासून' असे म्हणायचे. वर्गातील हजेरीसारखीच ही पद्धत. दोन्ही सेन्सर दिसायला आणि बनावटीलाही सारखे. त्यांच्या तारांची अदलाबदल झाली तर गाडी चालू होत नाही. सेन्सरचे टोक आणि चक्र यांत सुमारे 0.8 मिलिमीटर अंतर राखावे लागते. म्हणजे दाढीची आठ पाती! पॉइंट गेला, पण अंतर मोजणे काही सुटले नाही.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या गावात एक परदेशी बनावटीची जुनी दोन आसनी गाडी अशीच अडकून पडली होती. तिच्यात सेन्सर एकच होता, पण दुखणे याच जातीचे. सकाळी गाडी छान चाले. ऊन चढून इंजिन पुरते तापले की मध्येच बंद पडे. तासभर झाडाखाली उभी केली की पुन्हा चाले. मालकांनी शहरातल्या एका ठिकाणी पुष्कळ पैसे घालवले होते. तेथे प्लग, कॉइल, वायरी, सगळे नवे घालून झाले, आणि दुखणे जागच्या जागी. वर सांगितलेल्या मिस्त्र्याने गाडी पाहिली. वय साठीच्या घरात, शिक्षण जेमतेम, आणि या जातीची गाडी जन्मात प्रथमच उघडलेली.

मी शेजारी उभा राहून पाहत होतो. त्याने आधी गाडी मुद्दाम तापवून बंद पडू दिली. मग पेट्रोलच्या नळीवर ओले फडके टाकले. जुन्या फियाट उन्हाळ्यात अशाच बंद पडत, कारण पेट्रोलची नळीतच वाफ होई. हा त्याचा जुना अनुभव. गाडी चालू झाली नाही. मग त्याने प्लग काढून अंगाला टेकवला आणि स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी नव्हती. "करंटच नाही येऊन राह्यला, गुर्जी," तो म्हणाला. ओले फडके त्याने आता पेट्रोलवरून उचलून सेन्सरवर ठेवले आणि एक विडी ओढून होईपर्यंत वाट पाहिली. पुन्हा स्टार्टर मारला, आणि प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी तडतडली.

त्याचे निदान ऐकण्यासारखे होते. "हा गरम झाला की मरते, अन् थंड झाला की जिता होते. अंदरची तार तुटली असन. तापली की सुटत असन अन् निवली की चिकटत असन." मी माझ्याकडचा शाळेतला मीटर आणून दिला. थंड असताना सेन्सरच्या दोन टोकांत हजाराच्या आसपास ओहम अवरोध भरला. पुन्हा तापवल्यावर काटा हललाच नाही. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

पण निदान झाल्यावर तो जे बोलला ते माझ्या मनातून अद्याप गेले नाही. सेन्सर हातात घेऊन, काळ्या राळेत बंद केलेला तो अंगठ्याएवढा तुकडा उलटापालटा करीत तो म्हणाला, "पाइंट घासता येते, गुर्जी. याले कुठं घासू?"

नवा सेन्सर आठ दिवसांनी टपालाने आला. बदलण्याचे काम तासाभराचे होते. बॅटरीची तार सोडायची, जोडणी काढायची, एकच बोल्ट; तो गंजून बसलेला असल्याने तेवढ्यालाच निम्मा वेळ लागला. बसण्याची जागा पुसून घ्यायची, कारण चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो. अंतर मोजून नवा सेन्सर बसवायचा, आणि तार तापलेल्या नळीपासून दूर बांधायची. मालक आनंदाने गेले. मिस्त्र्याचा मुलगा, जो माझा विद्यार्थी होता आणि आता बारावीनंतर काय करावे या विचारात होता, बापाला म्हणाला, "आता तुमचा धंदा म्हणजे पार्सल फोडून बोल्ट आवळायचा." बापाने उत्तर दिले नाही.

मुलाच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. 1902 सालापासून आजपर्यंतच्या ठिणगीच्या इतिहासात माणसाच्या बोटांचे काम एकसारखे कमी होत गेले आहे. दांडी ओढणे गेले, हँडल मारणे गेले, पॉइंट घासणे गेले. प्रत्येक वेळी गाडी अधिक भरवशाची झाली, आणि प्रत्येक वेळी ती दुरुस्त करण्याचे ठिकाण आपल्या गावापासून थोडे दूर गेले. पॉइंट चांदुरात दुरुस्त होई. सेन्सर दूरच्या कुठल्यातरी शहरातून मागवावा लागतो. आणि गाडी जर जुनी असेल व तो भाग बनायचा थांबला असेल, तर मुठीत मावणाऱ्या वस्तूवाचून सबंध गाडी भंगारात जाते. हा तोटा खरा आहे, आणि भावनेच्या भरात तो लपवून उपयोग नाही.

परंतु मुलाच्या बोलण्यातला निम्मा भाग मला मान्य नाही. शहरातल्या त्या ठिकाणी पार्सल फोडून बोल्टच आवळले गेले होते. आणि त्यानेच दुखणे बरे झाले नव्हते. ते सापडले ओल्या फडक्याने. ओले फडके हे फियाटच्या जमान्यातले ज्ञान. ते एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवण्याची बुद्धी ज्याला झाली, त्याची विद्या घासण्यापुरती नव्हती. आधी इंधन, मग ठिणगी, मग ठिणगीला हुकूम देणारा, अशा क्रमाने एकेक संशय दूर करीत जाणे ही त्याची खरी विद्या. आणि पालिशपेपर हे तिचे केवळ एक हत्यार होते.

निकामी सेन्सर मी मागून घेतला. वर्गात करवतीने तो कापला, तेव्हा सारी मुले भोवती गोळा झाली. मिस्त्र्याचा मुलगाही आला होता. आत काय निघावे? एक लोहचुंबकाचा तुकडा, एक लोखंडी गाभा, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. आणखी काही नाही. मायकेल फॅरडे याने 1831 साली लंडनमध्ये जो नियम दाखवून दिला, की चुंबकत्वात बदल झाला म्हणजे जवळच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, तोच नियम राळेत बंद करून ठेवलेला होता. लोखंडाचा दाता समोरून गेला की चुंबकत्व किंचित हलते आणि वेटोळ्यात विजेची एक लहर उठते. बॉशचा मॅग्नेटो याच नियमावर चालला, केटरिंगची कॉइल याच नियमावर, सायकलचा डायनॅमो याच नियमावर. दुसऱ्या एका जातीच्या सेन्सरात एड्विन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने 1879 साली सोन्याच्या वर्खावर प्रयोग करून शोधलेला चुंबकाचा परिणाम उपयोगी पडतो; तोही तितकाच जुना. ज्याला आपण नव्या युगाची गूढ विद्या समजून हात जोडतो, ती दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची आणि शाळेच्या टेबलावर मांडता येण्यासारखी निघाली.

मी त्या मुलांना आमच्या गावच्या रुळांकडे बोट दाखवून आणखी एक गोष्ट सांगितली. लोहमार्गावर ठिकठिकाणी रुळांना लागून चाकांचे आस मोजणारी यंत्रे बसवलेली असतात. गाडीचे जितके आस एका टोकाने आत गेले तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडले, म्हणजे मधला मार्ग मोकळा, असा त्यांचा हिशेब. तेथेही तारेची वेटोळीच चाक गेल्याची चाहूल घेतात. ज्या तत्त्वाने मोटारीतल्या दात्यांची मोजदाद होते, त्याच कुळीच्या तत्त्वाने हजारो उतारूंच्या जिवाची राखण होते.

ठिणगीचा इतिहास आता त्याच्या शेवटच्या प्रकरणाशी आला आहे. मुंबईच्या टॅक्सीत नोंदलेली अखेरची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. बजाजची चेतक स्कूटर, जिचा प्लग पुसला नाही असा वऱ्हाडातला मध्यमवर्गीय गृहस्थ विरळा, 2020 साली विजेची होऊन परत आली. तिला प्लगही नाही आणि पेट्रोलही नाही. व्होल्टाच्या पिस्तुलापासून निघालेला हा निळा तुकडा आणखी काही वर्षांनी जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडेच उरेल, असे दिसते.

गंमत अशी की सेन्सर मात्र जाणार नाही. विजेच्या गाडीतील मोटरीलाही तिचा फिरता भाग या घटकेला कोठे आहे, हे कुणीतरी सांगावे लागते; त्यावरून कोणत्या वेटोळ्यात प्रवाह सोडायचा ते ठरते. अनेक गाड्यांत ते काम हॉलच्या परिणामावर चालणारे सेन्सरच करतात. आग गेली, तिला वेळ सांगणारा राहिला. 'कधी?' हा जो प्रश्न बेंझला सर्वांत कठीण वाटला होता, तो इंधन बदलले तरी तसाच उरला आहे.

म्हणून मला वाटते, आमच्या गावच्या मिस्त्र्यांना आणि त्यांच्या मुलांना दयेची किंवा कौतुकाची गरज नाही. त्यांना माहिती हवी आहे. यंत्र विकत घेणाऱ्याला ते कसे उघडते, कोठे मोजायचे आणि किती भरले पाहिजे, हे त्याच्या भाषेत छापून मिळाले पाहिजे. शहरातल्या कारखान्याजवळ असलेले आकडे चांदूर रेल्वेच्या मिस्त्र्याजवळ नव्हते. त्याने ओल्या फडक्याने तिथवर मजल मारली. आकडे हाती असते तर ते काम आठ दिवसांऐवजी दोन दिवसांत झाले असते, आणि कदाचित जुने वेटोळे नव्याने गुंडाळण्याचाही प्रयत्न त्याने केला असता. मोटरीचे वेटोळे गुंडाळणारे कारागीर वऱ्हाडात तालुक्यातालुक्याला आहेत. विहिरीवरच्या जळालेल्या पंपाचे शेकडो वेढे जो बिनचूक मोजून भरतो, त्याला हे लहानसे वेटोळे अवघड जाईल असे मानण्याचे कारण नाही.

मिस्त्र्याच्या मुलाने नंतर अमरावतीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नाव घातले. त्याने मोटारदुरुस्ती न घेता विजेचे काम घेतले. बापाला प्रथम वाईट वाटले. पण परवा भेटला तेव्हा सांगत होता की पोरगा सुटीत घरी आला म्हणजे दोघे मिळून जुने डायनॅमो उघडून बसतात. कापलेला तो सेन्सर आमच्या शाळेच्या कपाटात, फॅरडेच्या प्रयोगाच्या सामानाशेजारी ठेवलेला आहे. पाहायचा असेल त्याने अवश्य यावे. आगगाडी अजूनही येथे थांबते.